काजूगर अख्खा निघावा म्हणून: छोट्या उद्योगात माणसांना शिकवायचं कसं

आमच्या कारखान्यातली काकी पाठमोरी बसूनही सांगते, कुठल्या मशीनवर गर फुटतोय ते. पातं टरफलापुरतंच गेलं तर कोरडा आवाज येतो, गरापर्यंत गेलं तर दबका. हा फरक ऐकायला मला दोन वर्षं लागली. पण काकीच्या कानात असलेली ही विद्या शेजारच्या मशीनवर बसलेल्या नव्या मुलीपर्यंत पोचत नाही, तोवर माझ्या धंद्याला तिचा निम्माच उपयोग आहे.

मी वेंगुर्ला तालुक्यात छोटा काजू प्रक्रिया कारखाना चालवते. ‘माणसं शिकवायला वेळ कुठाय, आणि शिकवून फायदा काय?’ असं नवे उद्योजक मला विचारतात. कुणी होमस्टे काढलेला असतो, कुणी आंब्याचं पॅकिंग हाऊस, कुणी कोकम आगळ आणि सरबतांचा व्यवसाय. त्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. उदाहरणं बहुतेक काजूची असतील, कारण मला तेच नीट माहीत आहे. पायऱ्या मात्र कुठल्याही धंद्याला लागू पडतात.

आधी माझी चूक सांगते. पहिल्या वर्षी मी चार जणींना बाहेरगावी दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. फी भरली, गाडी करून दिली, दोन दिवसांची मजुरी दिली. तिथे पडद्यावर उद्योजकता, संघभावना, वेळेचं नियोजन असं बरंच काही दाखवलं. चौघी प्रमाणपत्रं घेऊन आनंदाने परत आल्या. पण महिन्याभराने मी वह्या पाहिल्या, तर तुकड्याचं प्रमाण होतं तिथेच होतं. त्यात बायकांचा काही दोष नव्हता. आपल्याला नेमकं काय सुधारायचं आहे, हे मीच ठरवलेलं नव्हतं. धोरण ठेवून शिकवणं आणि नुसतं प्रशिक्षण उरकणं यातला फरक मला तिथे कळला.

पहिली पायरी: पैसा कुठे गळतोय ते वजनात मोजा

काजूच्या धंद्यात माल एकच असतो, पण भाव अनेक. अख्खा गर, पाकळी (दोन भाग झालेल्या गराची फोड), तुकडा, कणी असे भाव उतरत जातात. अख्ख्या गरातही प्रती असतात. डब्ल्यू ३२० म्हणजे एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, साधारण ३०० ते ३२० गर बसतात. डब्ल्यू २४० मध्ये २२० ते २४०, आणि डब्ल्यू १८० मध्ये त्याहून कमी, म्हणजे गर आणखी मोठा. बी घेतानाच गराचा आकार ठरून गेलेला असतो, तो आपल्या हातात नाही. तो अख्खा राहतो की फुटतो, हे मात्र बरंचसं आपल्या माणसांच्या हातात असतं.

एक हिशेब करू. भाव धरून चालायचे आहेत, तुम्ही तुमचे घाला. समजा रोज ४० किलो गर निघतो. त्यात ७० टक्के अख्खा, २० टक्के पाकळी, १० टक्के तुकडा. अख्ख्याला ८००, पाकळीला ६५०, तुकड्याला ५५० रुपये किलो भाव धरला, तर दिवसाचा माल २९,८०० रुपयांचा होतो. आता तीच बी, तीच माणसं, तेवढाच वेळ. फक्त अख्ख्याचं प्रमाण ७८ टक्के झालं, पाकळी १५ वर आणि तुकडा ७ वर आला. दिवसाचा माल ३०,४०० रुपयांचा झाला. रोजचे ६०० रुपये, म्हणजे २५ दिवसांच्या महिन्यात १५,००० रुपये जास्त मिळाले. त्यासाठी एक किलोही जादा बी घ्यावी लागली नाही.

हे १५,००० रुपये तुमच्या डोळ्यांसमोर असले, तर काय शिकवायचं हा प्रश्न उरत नाही. फोडणीच्या, म्हणजे बी फोडायच्या, टेबलावर शिकवायचं.

होमस्टेवाल्यांची गळती वेगळ्या जागी असते. माझ्या ओळखीच्या एका घरगुती होमस्टेत खोल्या स्वच्छ, जेवण उत्तम, तरी शनिवार-रविवार सोडले तर खोल्या रिकाम्या असायच्या. पंधरा दिवस त्यांनी येणारा प्रत्येक फोन वहीत लिहिला. पाहुणे विचारत होते की कुडाळला उतरायचं की सावंतवाडीला, रिक्षा मिळेल का, शाकाहारी जेवण वेगळ्या भांड्यात होतं का. फोन उचलणारा मुलगा ‘मालकांना विचारून सांगतो’ म्हणून ठेवून देत होता, आणि उलट फोन करायचा राहून जात होता. स्वयंपाकघरात काही शिकवायची गरजच नव्हती. शिकवायचा होता फोन.

म्हणून तुमच्या धंद्यात एक आकडा निवडा. एकच. तो महिनाभर रोज लिहा. शिकवणं त्यानंतर.

दुसरी पायरी: हे शिकवण्याने सुटणार आहे का ते तपासा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. मीही गाळली होती, आणि त्यात एका मुलीवर अन्याय झाला.

एका आठवड्यात अचानक गर जास्त फुटायला लागले. नवी मुलगी नुकतीच मशीनवर बसली होती, म्हणून मी तिलाच दोष दिला. ती मान खाली घालून ऐकत राहिली. दोन दिवसांनी काकीने माझ्यासमोर बीचं घमेलं आणून ठेवलं. त्यात लहान-मोठी बी एकत्र होती, कारण चाळणीवरची माणसं त्या आठवड्यात रजेवर होती आणि वर्गवारी न करताच बी वाफवली गेली होती. पात्यांमधलं अंतर एका मापाच्या बीसाठी लावलेलं असतं. त्यात मोठी बी घातली की पातं गरात शिरणारच. वर वाफवलेली बी पुरती थंडही झालेली नव्हती. ऑर्डरच्या घाईत आम्ही ती लवकर फोडायला घेतली होती. मी त्या मुलीची सगळ्यांसमोर माफी मागितली. ती एवढंच म्हणाली, “वयनी, माका कोणी सांगूकच नाय, की गरम बी फोडू नये.”

तेव्हापासून कुठलीही चूक दिसली की मी तीन प्रश्न क्रमाने विचारते. कच्चा माल आणि साधन बरोबर आहे का? काम कसं करायचं ते त्या माणसाला कुणी नीट सांगितलंय का? माहीत असूनही तसं करणं त्याला परवडत नाही, असं काही आहे का? मधल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं, तरच ते शिकवण्याचं काम आहे. पहिल्यात गडबड असेल तर पातं बदला, चाळणी लावा. तिसऱ्यात असेल तर मजुरीची पद्धत बदला. त्याबद्दल पुढे लिहिते.

तिसरी पायरी: शिकवणारं माणूस घडवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

उत्तम काम करणारी व्यक्ती आपोआप उत्तम शिकवते, असा आपला समज असतो. काकीचा हात इतका बसलेला आहे की आपण काय करतो हे तिला स्वतःलाच सांगता येत नव्हतं. ती दोन बिया फोडून दाखवायची आणि म्हणायची, “बघ, असां. कळलां मा?” नवी मुलगी मान डोलवायची. तिला काही कळलेलं नसायचं, पण वयाने मोठ्या बाईला ‘नाही कळलं’ कोण म्हणणार?

यावर एक जुनी आणि साधी पद्धत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतले कारागीर सैन्यात गेले आणि कारखान्यांत पूर्ण नवखी माणसं आली. त्यांना थोड्या दिवसांत तयार करायचं म्हणून १९४० मध्ये तिथे ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला आणि १९४५ पर्यंत चालला. युद्धानंतर तो जपानमध्ये गेला आणि टोयोटाने तो आपल्या कारखान्यांत रुजवला. त्यात काम शिकवण्याच्या चार पायऱ्या आहेत: शिकणाऱ्याला तयार करा, काम करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, मग मागोवा घेत राहा. शिकणाऱ्याला आलं नाही याचा अर्थ शिकवणाऱ्याने शिकवलं नाही, असं या पद्धतीत मानतात. माझ्या कारखान्यात मी हे वाक्य फोडणीच्या खोलीत लिहून लावलं आहे. काकीने ते वाचून घेतलं आणि मनावर घेतलं.

प्रत्यक्षात आम्ही हे असं केलं.

आधी मी आणि काकी एका दुपारी मशीनपाशी बसलो. ती एक बी फोडायची, मी थांबवायची आणि विचारायची, ‘आत्ता काय केलंत?’ दोन तासांत एका पानावर कामाची चार टप्प्यांत फोड झाली. बी घेऊन तिचा बाक पात्याच्या बाकाशी जुळवणं. पायाने पेडल दाबून पातं टरफलात बसवणं. दांड्याने टरफल उकलणं. सुईने गर मोकळा करणं. प्रत्येक टप्प्यासमोर चूक कुठे होते ते लिहिलं, आणि त्याच्यापुढे कारण. उदाहरणार्थ, पेडलवर टरफलाचा अडसर सुटेपर्यंतच जोर द्यायचा, कारण त्यापुढचा जोर गरावर जातो. कारण लिहिणं फार महत्त्वाचं. ‘असं कर’ एवढंच सांगितलं की माणूस घाईत विसरतो. ‘असं का’ हे कळलेलं असेल तर हात आपोआप थांबतो.

मग शिकवणी. काकी नव्या मुलीला समोर न बसवता शेजारी बसवते, म्हणजे डावं-उजवं उलटं दिसत नाही. आधी गप्पा: गाव कुठलं, घरी बी फोडलीस का कधी, विळीवर की दगडावर? कोकणातल्या बहुतेक मुलींनी ओले काजूगर घरी काढलेले असतात. तिथून सुरुवात केली की तिला वाटतं, आपल्याला यातलं काहीतरी येतंय. नंतर काकी सावकाश करून दाखवते. पहिल्यांदा नुसतं, दुसऱ्यांदा टप्पे बोलत, तिसऱ्यांदा कारणं सांगत. मग मुलगी करते, आणि तेच टप्पे, तीच कारणं तिने स्वतःच्या तोंडाने बोलायची. इथेच सगळं उघडं पडतं. हात बरोबर चालतोय पण कारण सांगता येत नाही, म्हणजे अजून नक्कल चालू आहे.

रोज अर्धा तास, बारा दिवस. एकदम सहा तास शिकवून काही उरत नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. पाठ केलेलं सुरुवातीच्या तासांत आणि दिवसांत झपाट्याने पुसलं जातं, आणि अधूनमधून उजळणी केली तर टिकतं, असं त्याला दिसलं. रोज थोडं थोडं घोकून पाढे पाठ झालेल्या आपल्या पिढीला हे नव्याने सांगायला नको.

सुरक्षिततेची गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी, मशीनला हात लावण्याआधी. काजूच्या टरफलातलं तेल कातडी भाजतं. हाताला तेल चोपडल्याशिवाय किंवा हातमोजे घातल्याशिवाय फोडणीला बसायचं नाही, हात डोळ्यांना लावायचा नाही, फोडणीचे कपडे घालून तान्ह्या बाळाला उचलायचं नाही. यात सवलत नाही आणि ‘हळूहळू शिकेल’ही नाही. बॉयलर तर बघून बघून शिकायची वस्तूच नाही. तुमच्या बॉयलरला प्रमाणपत्रधारक चालक लागतो का, ते संबंधित सरकारी कार्यालयात विचारून घ्या आणि मगच आग पेटवा.

चौथी पायरी: वेळ कोकणाच्या पंचांगाप्रमाणे ठरवा

शहरातल्या कंपन्या वर्षाचं प्रशिक्षण एप्रिलमध्ये आखतात. इथे एप्रिलमध्ये शिकवणी लावलीत तर कोणी येणार नाही. बी वेचायची असते, आंबा काढायचा असतो, पाहुणे आलेले असतात, लग्नसराई असते. रत्नागिरीकडे त्याआधी शिमग्याच्या पालख्या. जून-जुलैत लावणी. गणपतीत तर कारखाना बंदच ठेवायचा. त्या दिवसांत कुणाला कामावर बोलावणं हे मला पटत नाही आणि जमतही नाही.

मग उरतं काय? लावणी संपल्यापासून गणपतीच्या आधीपर्यंतचे तीन-चार आठवडे, आणि भातकापणी झाल्यावरचे नोव्हेंबरचे दिवस. साठवलेल्या बीवर कारखाना पावसाळ्यातही चालतो, पण गती कमी असते. तेव्हा शिकवा. होमस्टेवाल्यांनाही पावसाळ्याच्या शेवटचे आठवडे चांगले, कारण दिवाळी आणि नाताळची गर्दी यायच्या आत हात बसलेला हवा. मासळीच्या धंद्यात यांत्रिक नौकांची बंदी १ जून ते ३१ जुलै असते. बर्फ, प्रतवारी, स्वच्छता हे विषय त्या दोन महिन्यांत घ्यावेत.

आंब्याचं वेगळं आहे. पॅकिंगला माणसं हंगामापुरती येतात, त्यातली बरीच नेपाळहून. वर्षभर शिकवणी चालवायला ती इथे नसतात. तिथे हंगामाच्या तोंडावर दोन दिवस राखून ठेवा आणि दोनच गोष्टी शिकवा. एक, फळ देठासकट उतरवणं, कारण देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि डाग पडतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा नूतन झेला, हे आंबे उतरवायचं अवजार, याचसाठी आहे. तो हातात देऊन चार फळं काढायला लावा. दुसरी, चौदा आणे तयार, म्हणजे काढण्याजोगं झालेलं पण न पिकलेलं, फळ ओळखणं. त्यासाठी भाषणाची गरज नाही. एका फळीवर कोवळी, तयार आणि जास्त पिकलेली फळं मांडून ठेवा आणि प्रत्येकाने हाताळून वेगळी करायची. भाषेची अडचणही त्यामुळे निम्मी होते.

पाचवी पायरी: शिकण्याच्या वेळेची मजुरी द्या, आणि मजुरीची पद्धत तपासा

शिकण्याचा वेळ हा कामाचाच वेळ आहे. अर्धा तास आधी बोलावून फुकट शिकवणं मला गैर वाटतं. त्यातून बाईचा विश्वास जातो आणि शिकण्यातला जीवही जातो. ज्या बाईने पहाटे चारला उठून घरचं उरकलंय, तिच्याकडून आणखी अर्धा तास मागायचा तर त्याचे पैसे दिले पाहिजेत.

खर्च किती येतो? सहा नव्या जणी, रोज अर्धा तास, बारा दिवस, म्हणजे ३६ तास. एकेकीशेजारी बसणाऱ्या काकीचेही ३६. एकूण ७२ तास. तासाला ६० रुपये धरले तर ४,३२० रुपये. शिकताना जादा फुटलेल्या गराचे आणखी २,००० धरा. झाले ६,३२०. वरच्या हिशेबातले रोजचे ६०० रुपये सुटायला लागले की अकरा दिवसांत हा खर्च भरून येतो. हा हिशेब कागदावर करून ठेवा, कारण नवरा, सासरा, भागीदार, बँकेचे साहेब यांच्यापैकी कोणीतरी तो नक्की विचारतं.

आता मजुरीची पद्धत. आमच्याकडे पूर्वी फोडलेल्या गराच्या किलोवर मजुरी होती, अख्खा असो की तुकडा. मी एकीकडे ‘सावकाश, गर जपा’ शिकवत होते आणि दुसरीकडे पैसे वेगाचे देत होते. बायकांनी माझ्या शिकवणीपेक्षा माझ्या पैशावर जास्त विश्वास ठेवला, आणि ते बरोबरच होतं. नंतर आम्ही अख्ख्या गराला जास्त दर ठेवला आणि नवीन मुलीला पहिले दोन महिने रोजावर घेतलं, म्हणजे शिकताना तिला वेगाची भीती नको. कुठलीही पद्धत ठेवा, दिवसाची कमाई सरकारी किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये. जिथे मजुरी शिकवणीच्या उलट ओढते, तिथे शिकवणी हरते.

सहावी पायरी: बाहेरची मदत कुठे घ्यायची

हे थोडक्यात सांगते, कारण प्रत्येकाची गरज वेगळी.

खाद्यपदार्थाचा धंदा असेल तर एफएसएसएआय या केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं ‘फॉस्टॅक’ हे अन्नसुरक्षेचं प्रशिक्षण घ्याच. केंद्र किंवा राज्य परवाना असलेल्या व्यवसायात दर २५ अन्न हाताळणाऱ्यांमागे एक प्रशिक्षित अन्नसुरक्षा पर्यवेक्षक हवा, असा नियम आहे. मालकाने स्वतः न जाता पॅकिंगच्या खोलीत रोज उभ्या असणाऱ्या बाईला पाठवा.

शिकाऊ उमेदवार घ्यायचे असतील तर १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा पाहा. चार ते २९ माणसांच्या उद्योगाला ते ऐच्छिक आहे, ३० पासून पुढे बंधनकारक. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवार प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के, महिना कमाल १,५०० रुपये, वाटा केंद्र सरकार उचलतं. छोट्या उद्योगाला ही चांगली मदत आहे, आणि गावातला दहावी-बारावी झालेला मुलगा मुंबईची गाडी पकडायच्या आधी वर्षभर इथे टिकतो.

शेतमालाच्या प्रक्रियेसाठी किर्लोस आणि लांज्याची कृषी विज्ञान केंद्रं, वेंगुर्ल्याचं प्रादेशिक फळ संशोधन केंद्र, मासळीसाठी रत्नागिरीत शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, पाण्यातल्या पर्यटनासाठी तारकर्लीची स्कूबा डायव्हिंग संस्था. बचत गटाच्या बायकांना बँकांच्या आरसेटी, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण, संस्थांमध्ये मोफत प्रशिक्षण मिळतं. यातल्या कुठेही माणूस पाठवण्याआधी तुमचा तो एक आकडा एका चिठ्ठीवर लिहून तिच्या हातात द्या, आणि परत आल्यावर तिला बाकीच्यांसमोर अर्धा तास करून दाखवायला सांगा. माझ्या पहिल्या वर्षीच्या चौघींना मी या दोन्ही गोष्टी सांगितल्या नव्हत्या.

सातवी पायरी: फरक पडला का ते कसं बघायचं

डोनाल्ड किर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण मोजायच्या चार पातळ्या मांडल्या, आणि आजही मोठ्या कंपन्या त्या वापरतात. शिकणाऱ्याला ते आवडलं का, त्याला ते आलं का, कामावर गेल्यावर तो तसं करतो का, आणि धंद्यात काय बदललं. बहुतेक ठिकाणी पहिल्याच पातळीवर थांबतात: एक फॉर्म भरून घेतात, ‘छान वाटलं’ असं उत्तर येतं, संपलं.

तुम्ही उलट चालीने जा. चौथी पातळी म्हणजे तुमचा पहिल्या पायरीतला आकडा. तो आधीपासून वहीत आहे. आम्ही फोडणीच्या खोलीत एक काळा फळा लावला आहे. त्यावर रोज संध्याकाळी अख्खा, पाकळी, तुकडा असे तीन आकडे लिहितो, पूर्ण खोलीचे मिळून. कुणाचं नाव लिहीत नाही. एकदा नावं लिहून पाहिली होती. वाईट आकडा आलेली बाई दुसऱ्या दिवशी आलीच नाही. तिसऱ्या पातळीसाठी काकी शिकवणी संपल्यावर आठवड्याने, महिन्याने आणि तीन महिन्यांनी शेजारी बसून दहा बिया बघते. जुन्या सवयी साधारण तिसऱ्या आठवड्यात डोकं वर काढतात. तेव्हा कोणी शेजारी नसेल तर पहिली बारा दिवसांची मेहनत वाया जाते.

आकडा हललाच नाही तर? मग प्रामाणिकपणे दुसऱ्या पायरीवर परत जा. आमच्याकडे सोलणीच्या खोलीत असंच झालं. शिकवूनही गराला पापुद्रा चिकटून राहायचा, नखांनी खरवडताना गर मोडायचे. दोष ड्रायरचा होता. वरच्या ट्रेला उष्णता कमी लागत होती आणि तिथला पापुद्रा सुटतच नव्हता. ट्रे आलटून-पालटून ठेवायला लागलो आणि प्रश्न मिटला. तिथे शिकवणीची गरज होती ती ड्रायर सांभाळणाऱ्या मुलाला.

आठवी पायरी: ‘शिकवलं की सोडून जातात’

हे मला प्रत्येक जण म्हणतो. खरं आहे, जातात. गोव्याची हद्द जवळ आहे, कुडाळला औद्योगिक वसाहत आहे, मुंबई एका रात्रीच्या गाडीवर आहे. मुली लग्न होऊन जातात. माझ्याकडूनही चांगल्या शिकलेल्या मुली गेल्या, त्यातली एक आता स्वतःचा छोटा कारखाना चालवते आणि बी कमी पडली की आम्ही एकमेकींना फोन करतो.

पण न शिकवलेली माणसं राहतात, त्याची किंमतही मोजा. वरच्या हिशेबात ती महिन्याला १५,००० होती.

धोका कमी करायचा तर दोन गोष्टी करा. एक म्हणजे प्रत्येक काम किमान दोघींना आलं पाहिजे. आमच्याकडे भिंतीवर एक तक्ता आहे: आडव्या रेषेत कामं, म्हणजे वर्गवारी, वाफवणी, फोडणी, ड्रायर, सोलणी, प्रतवारी, पॅकिंग; उभ्या रेषेत माणसं. जिला काम येतं तिच्या चौकटीत टिकली, जी शिकवू शकते तिच्या चौकटीत दोन टिकल्या. ज्या कामाखाली एकच टिकली असेल, ते काम पुढच्या शिकवणीला सगळ्यात आधी. प्रतवारीखाली माझ्याकडे कित्येक महिने एकच टिकली होती. ती बाई बाळंतपणाला गेली तेव्हा मी स्वतः रात्री बसून गर निवडले आहेत.

दुसरी गोष्ट म्हणजे शिकलेल्या माणसाला वर जायला पायरी हवी. फोडणीतून प्रतवारी, प्रतवारीतून शिकवणारी, तिथून खोलीची जबाबदारी. प्रत्येक पायरीला पैसे वाढले पाहिजेत, आणि किती वाढणार हे आधी सांगितलं पाहिजे. दोन टिकल्या मिळालेल्या बाईला आमच्याकडे शिकवण्याच्या दिवसांचा वेगळा भत्ता असतो. पैसे थोडे आहेत. पण घरी गेल्यावर ती सांगते की मी आता शिकवते, आणि घरातलं तिचं बोलणं बदलतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

वाढ म्हणाल तर ती अशी आली. प्रतवारी करणाऱ्या चौघी झाल्या, तेव्हा मी पहिल्यांदा प्रतीनुसार ऑर्डर घ्यायचं धाडस केलं. त्याआधी मिक्स माल व्यापाऱ्याला देत होते आणि तो म्हणेल तो भाव घेत होते. वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागाच्या नावाची अधिकृत ओळख, मिळालेलं आहे. पण नुसत्या नावावर गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. डब्यावर ३२० लिहिलेलं असेल तर आत ३२० च निघायला हवा. ती खात्री मशीनने दिली नाही, त्या चार जणींनी दिली.

तुम्ही उद्यापासून सुरू करणार असाल तर फार काही लागत नाही. दोनशे पानी वही, एक वजनकाटा, खडू आणि फळा. पहिला महिना कुणालाही काही शिकवू नका, नुसतं लिहा. महिना संपला की तुमच्या सगळ्यात अनुभवी माणसाला चहा द्या, शेजारी बसा, आणि त्याने एक काम केलं की थांबवून विचारा, ‘आत्ता काय केलंत?’